मॅक्रो म्हणून गळ्यात मारलेला झूम आणि माझे साडेचौतीस हजार

जरा मोठं लिहितेय पण वाचा, ज्यांच्या घरी टँक आहे आणि माशांचे फोटो काढायची खाज आहे त्यांनी तर नक्कीच. कॅमेऱ्यातलं कळणारे हसतील मला, हसू देत.

कोथरूडला आमच्याकडे दोन फुटी टँक आहे, त्यात जर्मन ब्लू रॅम माशांची जोडी, आणि शेजारी छोट्या क्यूबमध्ये एक फायटर मासा. रॅमच्या गालावर निळे ठिपके असतात ना, ते मला फोटोत हवे होते. मोबाईलने होत नाही. माझ्या फोनच्या मॅक्रो मोडला (म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या) वस्तू तीन-चार सेंटीमीटरवर लागते, आणि मासा काय काचेला गाल लावून बसत नाही, शिवाय फोन एवढा जवळ नेला की त्याचीच सावली पडते. मग महिनाभर वाचून काढलं की १:१ वाली मॅक्रो लेन्स घ्यायची, ९० किंवा १०० एमएमची (निकॉनवाले त्यालाच मायक्रो म्हणतात, उगाच गोंधळ). १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, उमटते. एवढं सगळं मला माहीत होतं हो, तरी फसले.

गणपतीच्या आधी सेकंडहँडच्या ॲपवर ॲड दिसली. निकॉन डी ५६०० कॅमेरा, सोबत "मॅक्रो लेन्स", आणि खाली फायटरचे असले भारी फोटो की खवला न् खवला मोजून घ्या. मेसेज केला तर लगेच उत्तर, "ताई मख्खन कंडिशन आहे, मी पण फिशवालाच आहे, फोटो ह्याच सेटअपने काढलेत." शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारला तर नऊ हजारांचा स्क्रीनशॉट आला. मी विचारलं १:१ आहे ना, तर म्हणाला "हो ताई, मॅक्रो म्हणजे १:१च असतं." इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण डोक्यात तो फायटर बसलेला.

गरवारे कॉलेजच्या मेट्रो स्टेशनखाली भेटलो, संध्याकाळी, कर्वे रोडला नेहमीची गर्दी. पोरगा एकदम सभ्य, पाणी घेणार का ताई वगैरे. त्याने लेन्स लावली आणि मला रस्त्यापलीकडचं होर्डिंग दाखवलं, मग वायरवर बसलेला कावळा. कावळ्याचं पीस न् पीस दिसत होतं आणि मी खूश! मॅक्रो लेन्स घ्यायला गेलेली बाई रस्त्यापलीकडचा कावळा बघून खूश होते, म्हणजे बघा. लेन्स झूम होती हे दिसत होतं मला, विचारलंसुद्धा, तर म्हणे "झूम पण आहे ताई, टू इन वन, बाहेर मॅक्रो लिहिलंय बघा." लिहिलेलं होतंच. तिथेच जीपे केले आणि रिक्षा पकडली.

घरी येऊन टँकपुढे उभी राहिले तर फोकसच होईना, लेन्स नुसती कुईंकुईं करत मागेपुढे. मागे सरकत सरकत सोफ्याला पाय लागला तेव्हा कुठे फोकस झाला. नंतर कळलं की हे जुने ७०-३०० एमएमचे झूम, टॅमरॉनचे काय नि सिग्माचे काय, मॅक्रोमध्ये १:२ पर्यंतच (म्हणजे वस्तूच्या निम्म्या आकारापर्यंत) जातात आणि तेही ९५ सेंटीमीटरवरून. कंपनीने हे लपवलेलं नाही, लपवलं त्या पोराने. आणि मीटरभर लांब उभं राहिलं की हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) काचेला टेकवता येत नाही, मग काचेत ट्यूबलाइट, खिडकी आणि माझ्या कुर्त्यावरची फुलं. रॅम त्या फुलांतून पोहतोय असा फोटो. त्यात ३०० एमएमला हात हलतो आणि टँकच्या एलईडीचा उजेड तो केवढा, सगळं धूसर.

दुसऱ्या दिवशी लेकीची फूटपट्टी घेतली. ही युक्ती लक्षात ठेवा. जितक्या जवळून फोकस होतो तितक्या जवळून पट्टीचा फोटो काढायचा. डी ५६०० सारख्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरची रुंदी साधारण २४ मिलीमीटर, म्हणजे लेन्स १:१ असेल तर आडव्या फ्रेममध्ये पट्टीचे २४ मिलीमीटरच दिसले पाहिजेत. मला पावणेपाच सेंटीमीटर दिसले. दहा रुपयांच्या पट्टीने साडेचौतीस हजारांचा निकाल लावला.

मग मामेभावाने बाकीचं खोदून काढलं. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल तपासली तर शटर काउंट ७१ हजार. त्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात सीरियल नंबर होता, तो बॉडीच्या (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याच्या) बुडाखालच्या नंबरशी जुळतच नव्हता. फायटरचे फोटो इमेज सर्चला टाकले तर ते कुठल्यातरी परदेशी माणसाचे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली कॅमेऱ्याची माहिती उडते, डॉक्युमेंट म्हणून मागवला असता तर टिकली असती. मी त्या पोराला आधीच एवढंच म्हणायला हवं होतं, "आज पट्टीचा एक फोटो काढून डॉक्युमेंट म्हणून पाठव रे." लेन्स, बॉडी, काउंट, सगळं एका फाइलमध्ये उघडं पडलं असतं.

फोन केला तर आधी "ताई सेटिंग चुकतंय तुमचं", मग ब्लॉक. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कॉल केला, चौकीत अर्जही दिला. पण पावती नाही, ॲड त्याने काढून टाकलेली आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता, वर वस्तू हातात घेऊन, बघून पैसे दिलेले. अर्ज तिथेच पडून आहे. घरात मात्र "कावळा कसाय" हे अजून ऐकते.

एका रविवारी मामेभावाने त्याची ९० एमएमची मॅक्रो लेन्स आणून दिली. खोली अंधार केली, हूड काचेला सरळ टेकवला (तिरका धरला की काचेमुळे चित्र फाटतं), फ्लॅश टँकच्या वर ठेवला, ॲपर्चर एफ ११, शटर १/१६० सेकंद. तासाभरात रॅमच्या गालाचे ठिपके मिळाले. बॉडी तीच, ७१ हजार शटर काउंटची होती, तिला काही झालं नाही. म्हणजे बॉडीवर एवढा जीव टाकायची गरजच नव्हती, आधी लेन्स बघायची.

परवा तोच फायटर परत दिसला. नाव वेगळं, लोकेशन पिंपरी, "अर्जंट सेल, मॅक्रो लेन्ससोबत". निळा हाफमून (अर्धचंद्रासारख्या शेपटीचा फायटर), शेपटीला उजवीकडे बारीक चीर, मागे लालसर लाकडाचा तुकडा. दिसला तर मेसेज करू नका, आधी रिपोर्ट करा. मी केलाय.