स्प्लेंडरवरचा पुढचा-मागचा कॅमेरा : वडगाव ते शिनोळी रोजच्या रस्त्यावर

बाइकसाठी कॅमेरा घेणारा माणूस दुकानात आधी पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र बघतो. रंग कसे येतात, आकाश किती निळं दिसतं, वगैरे. माझं म्हणणं असं की मागचा कॅमेरा आधी बघा. तो टाकाऊ असेल तर पुढचा कितीही चांगला असो, पेटी परत करा.

मी राहतो बेळगावात वडगावला, आणि कामाला शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत. क्वालिटी बघतो, म्हणजे दिवसभर हातात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. घर कर्नाटकात, हजेरी महाराष्ट्रात. मधला रस्ता कॅम्पातून हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची. या रस्त्यावर तुरमुरीच्या डेपोला जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या असतात, गोव्याकडे सुटलेल्या मोटारी असतात, आणि ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की मागून कोण हॉर्न मारतंय ते ब्रह्मदेवालाही कळू नये. ट्रॉलीला मागे दिवा असलाच तर तो ड्रायव्हरच्या श्रद्धेवर चालतो.

मी घेतला तो दोन डोळ्यांचा संच. पुढचा कॅमेरा हेडलाइटखाली, मागचा नंबरप्लेटच्या वर, रेकॉर्डिंगची डबी सीटखाली, हँडलवर एक बटण आणि जीपीएसची छोटी टिकली. संच साडेआठ हजारांना पडला, फिटिंगचे सातशे वेगळे. कंपनीचं नाव देत नाही, कारण हीच डबी, हीच वायर, हेच ॲप बाजारात तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळतं. फरक स्टिकरचा. त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते बघून घ्यावं.

ॲक्शन कॅमेरा का नाही, असं कारखान्यातल्या पोरांनी विचारलं. तो चोर्ला घाटासाठी छान. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे धुक्यात घुसायचं, घरी येऊन व्हिडिओ बघायचा, मजा आहे. पण त्याची बॅटरी चार्ज करायची, आठवणीनं लावायचा, चालू करायचा, गाडी लावली की काढून खिशात घालायचा. रोज सकाळी डबा, रेनकोट आणि गेटपास सांभाळणाऱ्या माणसाकडून हे आठवडाभर होईल, पुढे नाही. अपघात मात्र नेमका त्या विसरलेल्या दिवशी व्हायचा. शिवाय पोरं तो हेल्मेटवर चिकटवतात. केरळच्या परिवहन खात्यानं २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाईचा बडगा उगारला होता. आपल्याकडे कुणी अडवलं नाही तरी डोक्यावर टणक तुकडा घेऊन पडायची मला हौस नाही. मोबाइल हँडलला अडकवून शूटिंग करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीनं आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असं खुद्द ॲपलनं २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. बुलेटवाल्यांनी तर हे दोनदा वाचावं.

माझी डबी इग्निशनच्या वायरला जोडलेली आहे. चावी फिरवली की चालू, काढली की बंद. मला करायचं काहीच नसतं, आणि या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण माझ्या लेखी हाच. फिटिंग शहापुरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. हात सफाईदार, पण "फ्यूज कशाला पाहिजे गा, छोटी वस्तू हाय की" म्हणून तो वायर थेट जोडायला निघाला होता. मी दोन अँपिअरचा फ्यूज टाकायला लावला. तुम्हीही लावा. वायरिंग जळालं तर हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळंच जातं.

गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करायची सोय डबीत आहे, ती मी बंद ठेवली. संच बारा व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खातो. स्प्लेंडरची बॅटरी ती केवढी! आठ तासांची पाळी संपवून बाहेर यायचं आणि मग किक मारत बसायचं.

आता चित्राकडे येतो. दोन्ही कॅमेरे १०८० चे, म्हणजे आडवे १९२० ठिपके. कंपनी अभिमानानं सांगते की लेन्स १२० अंशांची आहे. आम्ही मोजमापवाले. १२० अंशांत १९२० ठिपके, म्हणजे अंशाला सोळा. मोटारीची लांबट नंबरप्लेट ५०० मिलिमीटर. पाच मीटरवर ती साधारण पावणेसहा अंश व्यापते, म्हणजे नव्वदेक ठिपके. त्यात दहा अक्षरं, एकेकाच्या वाट्याला नऊ. वाचता येतात, जेमतेम. दहा मीटरवर तेच साडेचार ठिपके, म्हणजे नुसते डाग. दुचाकीची मागची प्लेट २०० मिलिमीटरचीच, ती तीन-चार मीटरच्या पुढे विसरा. कारखान्याच्या आवारात टेप लावून बघितलं, हिशेब बरोबर आला. तेव्हा जाहिरातीत "दूरवरची नंबरप्लेटही स्पष्ट" असं कुणी म्हणत असेल तर हसून पुढे जा. लेन्स जितकी रुंद तितका नंबर बारीक. १७० अंशवाला संच मी याच कारणानं नाकारला.

रात्री याहून वाईट. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्राला सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडा राहतो. तेवढ्यात पन्नासच्या वेगानं समोरून येणारी गाडी जवळजवळ अर्धा मीटर सरकते. त्यात नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटा प्रकाश परत फेकतात, त्यामुळे जवळच्या गाडीचा नंबर माझ्याच हेडलाइटनं पांढराफटक होतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा नंबर मिळतो, पळत्या गाडीचा नाही. बिनदिव्याची उसाची ट्रॉली मात्र व्हिडिओत दिसते, पण डोळ्यांना दिसल्यानंतर.

मग मागचा कॅमेरा का महत्त्वाचा? घडलेलीच गोष्ट सांगतो.

सकाळची वेळ, बाचीच्या जवळ. एक पिकअप माझ्या मागे चिकटून हॉर्नवर हॉर्न. समोरून वाहनं येत होती, मी डावीकडे दबून चाललो होतो, तरी त्याला धीर नव्हता. शेवटी त्यानं मला ओलांडलं, तसाच पुढे गेला, आणि पुढच्या दूधवाल्या काकांच्या कॅनला घासून त्यांना पाडलं. थांबला नाही. दूध रस्त्यावर, काकांचा पाय गाडीखाली. आम्ही दोघा-तिघांनी त्यांना उचललं, रिक्षात घातलं. पाय मोडला होता.

मी हँडलवरचं बटण त्याच मिनिटाला दाबलं. हे बटण फाइलला कुलूप लावतं. डबीत धक्का ओळखणारा सेन्सर आहे, पण धक्का मला बसलाच नव्हता, तर तो काय ओळखणार? बटण दाबलं नसतं तर कार्ड भरल्यावर ती फाइल नव्या रेकॉर्डिंगखाली पुसली गेली असती.

घरी बघितलं. पुढच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतंय: पिकअप, कॅन, काका पडताना. पण पिकअप तेव्हा पंचवीस-तीस मीटर पुढे, नंबराच्या जागी पांढरी पट्टी. मागच्या कॅमेऱ्यात मात्र तोच गडी माझ्या पाठीला लागलेला, चार मीटरवर, नंबर कोरल्यासारखा. दोन्ही फाइलींवर एकच घड्याळ. पाठीमागे नंबर, पुढे धडक. आपल्याला त्रास देणारी गाडी बहुतेक वेळा आधी मागेच घुटमळते. नंबर वाचायला तीच वेळ असते.

त्या नंबराची किंमत काय ते काकांच्या मुलाला वकिलानं समजावलं. ठोकणारं वाहन सापडलंच नाही, तर केंद्राच्या योजनेतून गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात; १ एप्रिल २०२२ पासून हे आकडे आहेत. वाहन सापडलं तर त्याच्या विमा कंपनीवर रीतसर दावा लावता येतो, त्यात दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली कमाईही मागता येते.

पुढचा प्रश्न आमच्याच भागात पडू शकतो. ही जागा कुणाच्या हद्दीत? बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, मध्ये थांबून बघावं असं काही नाही. पिकअपचा नंबर एमएच ०९. बघणारा एक जण म्हणे चंदगडला जा, दुसरा म्हणे बेळगावला. खरं तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. पण तपास शेवटी ज्याच्या त्याच्याकडेच जातो. चित्राच्या खालच्या पट्टीवर जीपीएसचे अक्षांश-रेखांश छापलेले होते. नकाशात टाकले, ठिपका बाचीच्या बाजूला पडला. वाद तिथेच मिटला. सत्तर वर्षांत सगळेच सीमेचे वाद असे मिटले असते तर बरं झालं असतं, पण तो विषय वेगळा.

त्याच पट्टीवर आपला वेगही छापला जातो, हे लक्षात ठेवा. सेटिंगमध्ये तो लपवता येतो. मी मात्र दिसू दिलाय. माझा वेग बेचाळीस होता.

ठाण्यात हवालदारसाहेबांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "पेन ड्राइव्ह कोड्री." दिला. पण मूळ कार्ड मी त्याच दिवशी डबीतून काढून पाकिटात बंद करून ठेवलं आणि डबीला नवीन कार्ड घातलं. कारण जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नकलेसोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलवरून काढलेला असा आकडा की आत एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं, आणि मूळ उपकरण कोर्टात न आणता नक्कल आणली तर प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सांगितलं होतं. म्हणून व्हिडिओ कापू नका, गाणं लावू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेला तोच पुरावा असं समजू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतं आणि नंबर पहिला जातो. गावच्या ग्रुपवर टाका म्हणून मला बराच आग्रह झाला. टाकला नाही. काकांचं पडणं चारशे लोकांनी चहा पिताना बघायचं कारण नव्हतं.

तक्रारी आहेतच. धक्क्याचा सेन्सर कंपनीनं मधल्या पायरीवर ठेवून पाठवला होता. आमच्या रस्त्यावर त्याला प्रत्येक खड्डा अपघात वाटतो. कुलूपबंद फाइलींनी कार्ड भरलं की नवीन काही धड साठत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. फाइल एकेका मिनिटाची ठेवा, नव्वद एमबीच्या आसपास होते. तीन मिनिटांची फाइल डबीच्या वायफायवरून मोबाइलवर घ्यायला चहा होऊन जातो. दोन्ही कॅमेरे मिळून तासाला दहा-अकरा जीबी, म्हणजे ६४ च्या कार्डावर पाच-सहा तास, १२८ वर दुप्पट. कार्ड 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलंच घ्या. फोटोंसाठीचं साधं कार्ड रोजच्या पुसा-लिहीत लवकर दम तोडतं, आणि वाईट म्हणजे डबीवरचा दिवा तरीही हिरवाच राहतो. महिन्यातून एकदा उघडून बघावं.

ॲपची भाषा इंग्रजी म्हणायची, पण ती कुणाची मातृभाषा नव्हे. आवाजाचा माइक सीटखालच्या डबीत, त्यामुळे फक्त इंजिन ऐकू येतं. भांडणातला शब्द पकडायचा विचार असेल तर सोडा.

पावसाचं म्हणाल तर डोळे आणि वायरीचे सांधे जुलैतही टिकले, पाणी आत गेलं नाही. अडचण चिखलाची. मागच्या चाकाचा लाल रबरबाट थेट मागच्या लेन्सवर बसतो. सुळग्यापर्यंत धूसर, तुरमुरीला आंधळा. मडगार्डला खाली रबरी पट्टी लावून घेतली, दीडशे रुपये, आणि खिशात जुन्या धोतराचा तुकडा असतो. लेन्सवर हात फिरवायला उतरावं लागतं तेवढंच.

कॅम्पातून जाताना लष्करी हद्दीत छायाचित्रणाला मनाईचे फलक आहेत. रस्त्यानं सरळ जाणाऱ्या गाडीला मला आजवर कुणी अडवलेलं नाही, तरी मी तो टप्पा आला की हँडलवरचं बटण लांब दाबून रेकॉर्डिंग थांबवतो आणि हिंडलग्याला पुन्हा सुरू करतो. सांबऱ्याला विमानतळाकडे कुणाला सोडायला गेलो तरी तसंच. नवीन संच घेताना हे बटण हातमोजा घालून दाबता येतं का ते दुकानातच बघून घ्या. माझं येतं, शेजाऱ्यानं घेतलेल्या दुसऱ्या संचाचं येत नाही.