स्टुडिओच्या वायरिंगचं बिल चुकवण्याआधी केबल ओढून बघा

ठाणे-नवी मुंबईत कुणी संस्थेचं कम्युनिटी रेडिओ केंद्र किंवा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारत असेल, तर हे जरूर वाचा. मिक्सर कन्सोल (माइकचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारं यंत्र) बसवून देतो म्हणून आमच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि ती युक्ती बाहेरून दिसतच नाही.

नेरुळच्या आमच्या स्टुडिओचं काम ठाण्याच्या एका ठेकेदाराकडे होतं. कन्सोल अस्सल निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पैसा खाल्ला तो वायरिंगमध्ये. कोटेशनमध्ये लिहिलं होतं: शुद्ध तांब्याची चार तारांची शील्डेड केबल (तारांभोवती गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, म्हणजे शील्ड, असलेली), ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक केबलला नंबर. कन्सोलच्या मागे डोकावलं तर सगळं झकास. नामांकित कंपनीची निळी केबल, चकचकीत एक्सएलआर (माइकचे तीन पिनांचे) कनेक्टर, नंबरांच्या स्लीव्ह. शेवटचा हप्ताही दिला गेला.

मग त्रास सुरू झाला. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की हेडफोनमध्ये टक्, आणि निवेदिका थांबली की मागे ५० हर्ट्झची सलग गुणगुण. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, आवाज येतोय ना? इकडची लाइटच तशी आहे." वर यूपीएसचं नवं कोटेशन पाठवलं!

शेवटी रेडिओतून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञ काकांना बोलावलं. त्यांनी ट्रंकिंगचं, म्हणजे केबल झाकणाऱ्या पट्टीचं, झाकण काढून निळी केबल हळूच ओढली. वीतभर आत काळ्या टेपचं गाठोडं. टेप सोडली तर निळी केबल तिथेच संपलेली आणि पुढे पातळ राखाडी केबल नुसती पिळून जोडलेली. काकांनी तिची तार ब्लेडने खरवडली. तांब्याचा मुलामा निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. "ताई, ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून पिळलंय. चारदोनदा वाकवलं की तुटतं."

खरं नुकसान त्याहून मोठं होतं. बॅलन्स्ड जोडणीत पिन १ शील्डची असते. २ आणि ३ वर एकच सिग्नल, पण एकमेकांच्या उलट जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, कन्सोल त्यांच्यातला फरक तेवढा घेतो आणि गोंगाट कटतो. राखाडी केबलमध्ये आत तार एकच. निळीच्या दोन तारा त्या एकीला जोडल्या आणि उरलेल्या दोन सरळ शील्डला. म्हणजे पिन ३ शील्डवर, आणि आमच्या महागड्या कन्सोलचा बॅलन्स्ड इनपुट निकामी. माइकच्या सगळ्या लाइन अशाच निघाल्या.

अर्थिंगचा प्रकार तर संतापजनक. बिलात तांब्याची प्लेट आणि खड्डा लावला होता. प्रत्यक्षात अर्थिंगची हिरवी वायर उपकरणांच्या लोखंडी रॅकच्या रंगावरच स्क्रूने आवळलेली आणि भिंतीपलीकडे फॉल्स सीलिंगच्या पट्टीला गुंडाळलेली. त्या रॅकला दिवसभर स्टुडिओतल्या मुलींचे हात लागतात, शॉक बसला असता तर? पैशांपेक्षा मला याची चीड जास्त आहे.

जाब विचारल्यावर ठेकेदाराने वॉरंटी फक्त कन्सोलची असल्याचं सांगून हात वर केले. जोडांचे फोटो लावून वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही.

वर्क ऑर्डरमध्ये "मध्ये जोड नसलेली सलग केबल" हे शब्द लिहूनच घ्या. ट्रंकिंगची झाकणं तुमच्यासमोर लागू द्या, त्याआधी फोटो काढा. माइकच्या केबलची दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटर (तार जोडलेली असली की बीप देणारं मीटर) लावा: पिन १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप वाजली पाहिजे, १ आणि ३ मध्ये वाजली तर काम तिथेच थांबवा. अर्थिंगची वायर खड्ड्यापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरचं रीडिंग लेखी घ्या. हे सगळं होईपर्यंत शेवटचा हप्ता हातचा सोडू नका, आणि तो नावापुरता न ठेवता चांगला घसघशीत ठेवा.