अल्बर्टस की ऑप्टिमा?
मुखपृष्ठावरच्या शीर्षकासाठी या दोन रोमन टंकांपैकी (फाँटपैकी) कोणता घ्यावा, असा प्रश्न एका मित्राला पडला आहे. दोन्हींत अक्षरांचे दांडे टोकाशी रुंदावतात. पण बर्थोल्ड वोल्पे यांनी रचलेला अल्बर्टस कांस्यपटावर भोवतालचा धातू कोरून उठवलेल्या अक्षरांवरून सुचलेला असल्याने त्याची टोके धारदार आहेत, तर हेर्मान झाप्फ यांच्या, १९५८ साली आलेल्या ऑप्टिमामधला हा विस्तार इतका सूक्ष्म आहे की लहान आकारात तो जवळजवळ दिसेनासा होतो. अल्बर्टसच्या मोठ्या ‘एम’च्या मधल्या रेषा तळापर्यंत न येता वरच्या वरच थांबतात, आणि एवढ्यावरूनही तो दुरून ओळखू येतो. मात्र त्यात परिच्छेद जुळवले की पान काळे, दाट दिसू लागते. तिथे ऑप्टिमाच वाचनीय. मोजक्या शब्दांच्या शीर्षकाला किंवा पाटीला अल्बर्टस निःशंकपणे घ्यावा. शीर्षक आणि मजकूर एकाच टंकात हवे असतील, तर ऑप्टिमा.