जुनं सिंगर घ्यायचंय: लांब शटलचं २८ के की गोल बॉबिनचं १५ के?

गोव्यात सिंगर कंपनीचं जुनं शिलाई मशीन शोधायला लागलात की निवड बहुधा या दोघांत येऊन थांबते. एक, लाकडी पेटीतलं, हाताने फिरवायचं छोटं २८ के किंवा त्याचंच पुढचं रूप १२८ के. दुसरं, बिडाच्या स्टँडवरचं, पायाने चालवायचं १५ के. ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किल्बोवी कारखाना; तो १९८० साली बंद झाला. दोन्ही काळी, दोन्हींवर सोनेरी नक्षी. माझं मत आधीच सांगतो: कपडे शिवायचे असतील तर १५ घ्या. आजीचं २८ घरातच असेल किंवा यंत्र म्हणून त्याची ओढ असेल, तर तेच दुरुस्त करा.

खरा फरक खालच्या दोऱ्यात आहे. २८ मध्ये बॉबिन लांब आणि बारीक असतं. ते टोकदार शटलमध्ये बसतं, आणि शटल कमानीत झुलत सुईने सोडलेल्या फासातून पार होतं. १५ मध्ये गोल बॉबिन डाव्या टोकाला छोट्या डबीत, म्हणजे केसमध्ये, उभं बसतं आणि फास पकडणारा हूक अर्धा फेरा घेऊन मागे येतो. टाका दोन्हींचा सारखाच सुबक पडतो. पण भारतात बनलेली बरीचशी घरगुती काळी मशिनं १५ च्याच घराण्यातली आहेत, त्यामुळे त्याचं बॉबिन आणि केस म्हापशाला, मडगावला किंवा फोंड्याला शिलाईच्या सामानाच्या दुकानात मागितलं की मिळतं. २८ चं शटल हरवलेलं असेल तर मात्र ते मशीन सोडून द्या, कितीही देखणं असलं तरी. सुईची काळजी नको. आजची साधी घरगुती सुई दोन्हींना चालते. त्याहून जुनं १२ नंबरचं सिंगर कोणी दाखवलं तर सावध राहा, त्याची सुई आता सहज मिळत नाही.

वापरातही १५ पुढे आहे. पायाने चालवताना दोन्ही हात कापडावर राहतात, आणि नंतरच्या १५ ना उलटी शिलाईही येते. २८ ला ती नाहीच. टोक पक्कं करायला कापड फिरवावं लागतं. शिवाय २८ चा पाया आखूड, म्हणून पूर्ण मापाच्या टेबलाच्या खाचेत ते बसत नाही. स्टँड वेगळा आणि डोकं, म्हणजे नुसतं वरचं मशीन, वेगळं घेणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

तरीही २८ वर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण त्याची बॉबिन भरायची कळ. लांब बॉबिनवर दोरा एकसारखा पसरावा म्हणून तिथे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची एक छोटी चकती आहे. दांडी फिरवली की चकती फिरते आणि दोऱ्याची पट्टी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथ सरकत राहते. वीज नाही, आकार काम करतो. एका हाताने हळू चालवता येतं म्हणून मुलांना शिकवायला आणि गोधडीचे तुकडे जोडायलाही ते उत्तम.

दुरुस्तीत आपल्याकडे मशीन जाम व्हायचं नेहमीचं कारण म्हणजे घरातलं खोबरेल. वर्षानुवर्षं घातलेलं तेल पिवळं, चिकट होऊन सांध्यांत बसतं. चाकाला जोर लावू नका. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर थांबा, हेअर ड्रायरने ऊब द्या, हलकेच मागेपुढे करा. सुटलं की पुसून शिलाई मशीनचंच तेल घाला. हे काम उघड्या व्हरांड्यात करा, आणि ड्रायर रॉकेलची वाफ उडून गेल्यावरच लावा. स्क्रू जपून ठेवा, सिंगरचे आटे वेगळे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू लागत नाही.

सोनेरी नक्षीवर लाखेचं पॉलिश असतं. स्पिरिटने ते विरघळतं, साबण-अमोनियाच्या द्रावणाने सोनं चंदेरी पडतं. कापसावर मशीनचं तेल घेऊन पुसणं, एवढंच पुरे. स्टील वूल फक्त चकचकीत लोखंडावर. नव्या रंगाने झाकलेलं मशीन मी विकत घेणार नाही, कारण मूळ काम परत येत नाही.

पावसाळ्याचा हिशोबही करा. २८ ची पेटी जमिनीवर ठेवली की ओल धरते, मग वाळवी. १५ च्या टेबलाचा वरचा पातळ लाकडी थर सुटतो, चामडी पट्टा सैल होतो. पट्टा कापून पुन्हा जोडता येतो. बिडाच्या स्टँडला गंज चढला तरी तो टिकतो.

वय कळायला मशीनवर कोरलेला क्रमांक पाहा: आकड्यांच्या आधी अक्षर नसेल तर मशीन १९०० पूर्वीचं. १९६१ पूर्वीच्या गोव्यातल्या घरात क्वचित पोर्तुगालचं ओलिव्हा किंवा जर्मन फाफ दिसलं, तर सगळे भाग जागेवर असतील तरच घ्या.

बघायला जाताना सुती कापडाचा तुकडा आणि दोन रंगांचे दोरे न्या. वरचा लाल, खालचा पांढरा लावून स्वतः शिवून पाहा. लाल दोरा खालच्या बाजूला लोंबत असेल तर बहुधा ताण बिघडलाय, तो जुळवता येतो. टाकेच सुटत असतील तर आधी सुई बदलून पाहा, आणि तरीही सुटले तर भाव पाडून मगच विचार करा.