द्राक्षबागेची पिकअप दीड इंच उचलली, त्यानंतरचा अनुभव

टू-व्हील ड्राइव्ह पिकअप उंच करायची असेल तर पुढे दीड इंच आणि मागे एक इंच पुरे. एक पावसाळा आणि एक द्राक्षाचा हंगाम काढल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. तीन-चार इंचांच्या नादाला लागू नका.

आमची बाग तासगाव तालुक्यात. बागेपर्यंतची पाणंद काळ्या मातीची, उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या खोल केलेल्या. मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासायचं. गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमान पाटे, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना.

सांगलीत कमान पाट्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी टेप काढून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं आणि म्हणाले, "दादा, गाडी मागनं बसलीया. आधी पाटे बघू, पुढं उंचीसाठी टाकायच्या चकतीचं नंतर बोलू." पाटे उतरवल्यावर दिसलं की मुख्य पाट्याखालचा पाटा जवळजवळ सरळ झालाय आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्टीचे) बुश खाल्लेत. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देता येतो, खर्चही कमी येतो, पण वजन पडलं की ते परत बसतात. म्हणून मूळ जाडीचे नवे पाटे घातले. शॅकल दोन इंच लांब घेतली, कारण शॅकल जितकी लांब होते त्याच्या साधारण निम्मीच उंची वाढते.

एक जादा पाटा टाका, असं सांगणारे बरेच भेटतील. रोज वाळू-सिमेंट वाहणाऱ्याला ते ठीक आहे. द्राक्षवाल्याने टाकू नये. क्रेट भरले तरी द्राक्षाचं वजन गाडीच्या क्षमतेच्या मानाने कमीच असतं. पाटे कडक झाले की प्रत्येक खड्डा थेट घडाला लागतो, मणी सुटतात आणि व्यापारी क्रेटच्या तळाला हात घालून सुटे मणी काढून दाखवतो. मूळ जाडीचे पाटे ठेवल्यामुळे यंदा चिपळूणला माल गेला तो कुंभार्ली घाट उतरूनही नीट गेला. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

पुढचा हिशोब वेगळा. शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध बसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर पाऊण इंचाची चकती टाकली तरी चाकाशी दीड इंचाच्या आसपास उंची मिळते. लोक 'दोन इंच' म्हणून दोन इंच जाडीची चकती आणतात आणि मग वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा फिरता सांधा) शेवटच्या टोकाला जाऊन अडतो, अलाइनमेंट मापात बसत नाही. आपल्या गाडीला पुढच्या चाकांना ताकद देणारे ॲक्सल नाहीत, म्हणजे त्यांच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटची काळजी नाही, पण बॉल जॉइंट आणि शॉकअपची मर्यादा आहेच. दीड इंचातही मोठ्या स्पीडब्रेकरवरून जोरात उतरलं की पुढून 'टक्' असा आवाज येतो, शॉकअप पूर्ण ताणला जातो तो. वेग कमी ठेवला की येत नाही. अलाइनमेंट लगेच एकदा आणि गाडी बसल्यावर पुन्हा एकदा करून घ्या, नाहीतर पुढचे टायर एका कडेने खातील.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. मागचा ॲक्सल अखंड असतो. पाटे, शॅकल, ॲक्सल आणि पाट्यामधला ब्लॉक, काहीही बदला, डिफरन्शियलची बॉडी (ॲक्सलच्या मधला गोळा) जमिनीपासून तेवढीच राहते. ती फक्त मोठ्या टायरने वर जाते. त्यामुळे माझ्या गाडीचा इंजिनाखालचा ऑइल चेंबर, चासीचा पुढचा आडवा क्रॉसमेंबर आणि पायरी आता घासत नाही, पण चाकोरी फारच खोल असेल तर मागचा गोळा आजही मातीत रेघ ओढतो. तिथे एक चाक चाकोरीत आणि एक उंचवट्यावर घेऊनच जावं लागतं. आणि पावसात काळी माती टायरला चिकटली की उंचीचा काडीचा उपयोग नाही, तिथे पकड लागते.

मागून गाडी उचलताना ब्रेक जरूर बघा. बऱ्याच पिकअपला मागे वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. मागची बाजू उंच झाली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. मिस्त्रींनी दांडीचं ब्रॅकेट तेवढंच सरकवून घेतलं आणि भरल्या गाडीवर ब्रेक तपासले. हे केल्याशिवाय घाटात जाऊ नका. गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. एक इंचात मला थरथर जाणवली नाही. हेडलाइट खाली करून घेतले. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा थोडी जास्त झुकते, मायलेजमध्ये फरक नाही.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघाताच्या क्लेमच्या वेळी हा विषय निघू नये. नुसते मूळ मापाचे नवे पाटे घालायचे असतील तर हा प्रश्नच येत नाही, आणि गाडी मागून बसलेली असेल तर निम्मं काम तेवढ्यातच होतं.

टायर झिजत आलेत. पुढच्या पावसाळ्याआधी त्याच मापाचे ऑल-टेरेन टाकणार आहे, उंचीला आता हात लावणार नाही.