नैरोबीत दहा महिने: अर्ध्या दिवसाची भटकंती आणि खाणं

केनियातल्या मसाईमाराला सफारीसाठी जाणारी आपली मंडळी नैरोबीत बहुतेक एकच रात्र काढतात. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान, विमानतळाजवळ मुक्काम, पहाटे जीपमध्ये बसून माराची वाट. परतताना वेळ उरलाच तर जिराफासोबत फोटो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. नवऱ्याच्या कामामुळे दहा महिने इथे राहिलो आणि हे शहर मला फार आवडलं. जवळजवळ दर शनिवारी सकाळी आम्ही मुलाला घेऊन बाहेर पडलो. दोनदा घरचे पाहुणेही येऊन गेले: आधी सासू-सासरे, पक्के शाकाहारी, आणि नंतर भाऊ-वहिनी, ज्यांचं मटणाशिवाय पान हलत नाही. त्यामुळे काय जमतं आणि काय जमत नाही, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

माझं म्हणणं एकच आहे. नैरोबी अर्ध्या-अर्ध्या दिवसात बघावी. सकाळी एकच ठिकाण, पण पोटभर. मग तिथेच जवळपास जेवण. तीनच्या आत घरी.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात एका टूरवाल्याकडून ‘एका दिवसात नैरोबी’ घेतली होती. अभयारण्य, हत्तींची पिल्लं, जिराफ, कॅरन भागातलं जुनं घर आणि शेवटी जेवण. गाडी सहाऐवजी साडेसातला आली. अभयारण्यात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि सिंह झुडपात जाऊन झोपले होते. हत्तींची पिल्लं लोकांना रोज फक्त अकरा ते बारा या एका तासात बघता येतात. आम्ही लांगाटा रोडच्या गर्दीत अडकून अकरा पस्तीसला पोचलो, तेही मागच्या रांगेत. मुलाला खांद्यावर घेऊन नवरा उभा राहिला आणि मला पुढच्या लोकांच्या टोप्यांशिवाय काही दिसलं नाही. सगळं ‘झालं’, पण बघितलं काहीच नाही. असं पॅकेज कृपा करून घेऊ नका.

अभयारण्याचंच आधी सांगते, कारण ते या शहराचं खरं वैभव आहे. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ सालचं, केनियातलं पहिलं. क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर आणि शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी आहे. त्यामुळे पलीकडच्या माळावरचे झेब्रे आणि रानम्हशींसारखे दिसणारे वाइल्डबीस्ट कोरड्या दिवसांत पाण्यासाठी इकडे सरकतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस धरा. पावसाळ्यात तिथली जमीन म्हणजे आपल्या विदर्भातल्यासारखी काळी चिकट माती. चाक एकदा बसलं की बसलंच. साधी गाडी घेऊन जाणार असाल तर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस थांबा.

फाटक सकाळी सहाला उघडतं. आम्ही सहा वेळा गेलो आणि तिसऱ्या खेपेला खरं दर्शन झालं. जुलैचा महिना, स्वेटर घालूनही बोटं गारठलेली. पावणेसातला एका वळणावर दोन सिंहिणी रस्त्यातच बसलेल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. एकीने उठून आळस दिला, आमच्या बॉनेटच्या अगदी कडेने चालत गेली आणि जाताना तिच्या पाठीवरचं दव मला स्पष्ट दिसलं. मुलगा श्वास रोखून बसला होता. मग धुकं हटलं आणि तिच्या मागे, गवताच्या वर, शहरातल्या उंच इमारती उभ्या राहिल्या. काळा गेंडा आम्हाला सहापैकी चार वेळा दिसला. इथे हत्ती मात्र नाहीत, तेवढी आशा धरून येऊ नका.

आत एका ठिकाणी जळक्या हस्तिदंताच्या राखेचे ढीग आहेत. तिथे पाच मिनिटं नक्की थांबा. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी इथे १२ टन हस्तिदंत पेटवला, शिकारीच्या धंद्याला जगासमोर नकार म्हणून. २०१६ साली पुन्हा, १०५ टन. सासऱ्यांनी तिथे टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आत चालत नाहीत, घरून स्टीलची बाटली भरून न्या. तिकिटाला रोख रक्कम घेत नाहीत, आधीच ऑनलाइन भरा. परदेशी पर्यटक आणि इथले रहिवासी यांच्या दरांत फार मोठा फरक आहे. इथे नोकरीनिमित्त राहत असाल तर ओळखपत्र बरोबर असू द्या.

हत्तींच्या पिल्लांकडे आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो, या वेळी फक्त तेवढंच ठरवून. शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट असं संस्थेचं नाव. आधी नोंदणी लागते. साडेदहाला रांगेत उभे राहिलो आणि दोरीला लागून पहिली जागा मिळाली. अकराच्या ठोक्याला झाडीतून पिल्लं धावत येतात, कान फडफडवत, आणि हिरव्या डगल्यातल्या सांभाळणाऱ्यांकडे थेट बाटलीला झोंबतात. आई मारली गेलेली किंवा विहिरीत पडलेली ही पिल्लं. रात्री प्रत्येकाच्या खोलीत एक माणूस झोपायला असतो, कारण पिल्लाला एकटं झोपवत नाहीत. संस्थापक डॅफ्नी शेल्ड्रिक यांना हत्तीच्या दुधाला पर्याय शोधायला कित्येक वर्षं लागली, आणि शेवटी उत्तर सापडलं ते खोबरेलात. गाईच्या दुधातली चरबी या पिल्लांना पचत नव्हती. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “बघ, लेकराला काय मानवतं ते शोधायला आईचीच चिकाटी लागते.” मोठी झाली की पिल्लं त्सावोच्या जंगलात जातात आणि हळूहळू रानातल्या कळपात मिसळतात.

जिराफ सेंटर तिथून जवळ आहे. लहान मुलं असतील तर जाच. हातावर गोळ्या ठेवल्या की दीड फुटाच्या आसपास लांब, जांभळट काळी जीभ येऊन त्या उचलते, स्पर्श ओल्या काथ्यासारखा. मोठ्यांना तासाभरात पुरे होतं.

न्गोंग टेकड्या माझ्या खास लाडक्या. मी साताऱ्याची, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघत वाढलेली. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर कड्यावरचा तो भणाणता वारा आणि फिरणारी पाती बघून गळा दाटून आला. पूर्वेला नैरोबी आणि पश्चिमेला जमीन एकदम खाली कोसळते, ती रिफ्ट दरी. फाटकावर वनरक्षक मिळतो, त्याला बरोबर घ्या. आम्ही सगळी शिखरं केली नाहीत, दोन चढउतार करून परत फिरलो. एवढ्यातही मन भरतं. नैरोबी समुद्रसपाटीपासून १७०० मीटरच्या आसपास उंच आहे आणि या टेकड्या त्याहून वर, तेव्हा पहिल्या आठवड्यात चढायला गेलात तर धाप लागेल.

कारुरा जंगलात आम्ही सर्वांत जास्त वेळा गेलो. शहराच्या पोटात हजार हेक्टरांचं रान आहे. सायकली भाड्याने मिळतात, धबधबा आहे, स्वातंत्र्यलढ्यात माउ माउ लढवय्ये जिथे लपले त्या गुहा आहेत. हे जंगल बिल्डरांच्या घशात जायचं होतं. पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई यांनी १९९९ साली तिथे झाड लावायला जाऊन मार खाल्ला, डोक्याला जखमा झाल्या, पण जंगल वाचलं. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. रविवारी तिथे मुलांना घेऊन आलेली शेकडो केनियन कुटुंबं दिसतात. ती बघितली की त्या बाईंविषयी मनात फार आदर दाटतो.

शहराच्या मध्यभागात सकाळीच जा आणि मोबाइल हातात मिरवू नका. गाडीच्या उघड्या खिडकीशी तर अजिबात धरू नका. रेल्वे म्युझियमला आपल्या माणसांनी जायलाच हवं. मुळात नैरोबी वसली ती १८९९ साली, मोंबासाहून येणाऱ्या रेल्वेचा तळ म्हणून. तो लोहमार्ग टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर आणले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास त्या कामातच दगावले. तिथे एक डबा ठेवलाय, ज्यातून १९०० साली रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहाने ओढून नेलं. मुलाला तो डबा फार आवडला. मी मात्र जुन्या फोटोंतले पागोटेवाले चेहरे बघत राहिले.

आणि सिटी पार्क. हे कुठल्याच सहलीत नसतं. पार्कलँड्स या भारतीय वस्तीच्या भागाजवळची जुनी बाग, माकडं भरपूर, केळी लपवून ठेवा. तिथल्या दफनभूमीत पियो गामा पिंटो यांची कबर आहे. गोव्याच्या घराण्यातले, जन्म नैरोबीतच १९२७ चा, शिक्षण हिंदुस्थानात. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत राहिले. देश स्वतंत्र झाला आणि १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांना घराच्या दारातच गोळ्या घातल्या. वय ३७. त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे आणि आई मसाई, पुढे केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पिंटोंच्या जवळच आपल्याला ठेवावं अशी त्यांची इच्छा होती, आणि तेही इथेच आहेत. आम्ही जास्वंदीची दोन फुलं नेली होती. गोव्याहून, कोकणातून येणाऱ्या प्रत्येकाने इथे यावं असं मला वाटतं.

आता खाणं. मांसाहारी असाल तर न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं बकऱ्याचं मटण. मसाला नाही, फक्त मीठ. किलोवर सांगायचं आणि तासभर वाट बघायची. आधी एकजण तांब्या-घंगाळ घेऊन टेबलाशी येतो आणि कोमट पाण्याने हात धुऊन देतो. मग लाकडी फळीवर अख्खा तुकडा येतो, तुमच्यासमोर सुरीने खटाखट तुकडे होतात, कडेला मिठाची ढिगळी आणि कचुंबारी: कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू. म्हणजे आपली कोशिंबीरच. बरोबर उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. चमचा मागू नका. लिंबाएवढा तोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्या खळग्यात भाजी उचलायची. भावाला हे दुसऱ्या घासाला जमलं. मटण चिवट असतं, दातांना काम आहे, पण चव अस्सल. मोठ्या पर्यटकी हॉटेलांत मगरीचं, शहामृगाचं मांस मिळतं. एकदा बघण्यापुरतं ठीक आहे, दुसऱ्यांदा त्या पैशांत मी व्हिक्टोरिया सरोवराचा अख्खा तिलापिया घेईन, आधी तळून मग टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात सोडलेला.

शाकाहाऱ्यांना सगळे घाबरवतात की आफ्रिकेत उपाशी राहाल. साफ खोटं. पार्कलँड्समध्ये गुजराती थाळीपासून सगळं मिळतं. तिथली बटाट्याची भजी खास आहेत: पातळ काप, बेसनाचा हलकासा थर, भरपूर कोथिंबीर आणि टोमॅटोची आंबट चटणी. तळलेला मोगोही घ्या, ज्याचा आपण साबुदाणा करतो तोच कंद. रस्त्यावर निखाऱ्यावरचं मक्याचं कणीस, लिंबू आणि तिखट चोळून, अगदी महाबळेश्वरच्या रस्त्यासारखं. पण माझा आग्रह केनियन साध्या खाणावळीत जाण्याचा आहे. सुकुमा विकी ही तिथली रोजची पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, पगार होईपर्यंत स्वस्तात निभावून नेणारी. गिथेरी म्हणजे मका आणि राजमा एकत्र उकडून. फक्त एक विचारून घ्या, भाजीत मटणाचा रस्सा घातलाय का. बऱ्याचदा घालतात आणि सांगत नाहीत.

वेळेचा एक घोळ आधीच सांगते. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. भाजीवाली ‘सा तातू’ला येते म्हणाली, तातू म्हणजे तीन, म्हणून मी दुपारी तीनला फाटकाशी उभी. ती नऊला येऊन गेली होती. गाडी ठरवताना वेळ इंग्रजीत पक्की करा. पैशांसाठी एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, घ्या, पासपोर्ट दाखवून सिमकार्ड मिळतं आणि कणीसवालीसुद्धा त्यावरच पैसे घेते. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड भारतात उतरताना विचारतात, ते सामानात टाकू नका.

सासू-सासऱ्यांच्या मुक्कामात शेवटच्या शनिवारी कारुराहून परतताना आम्ही एका पत्र्याच्या खाणावळीत शिरलो. चालवणारी बाई साठीची. इथे अशा बाईला ‘मामा’ म्हणतात. तिने चपाती आणि न्देंगू वाढलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर मुगाची उसळ. गूळ तेवढा राहिला.” चपाती मैद्याची होती, पदर सुटलेली. सासूबाई उठून थेट चुलीपाशी गेल्या. मामाने पोळी लाटली, तेल लावलं, दोरीसारखी वळली, शंखासारखी गुंडाळली आणि पुन्हा लाटायला घेतली. सासूबाईंनी हात पुढे केला. मामाने लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला सरकून त्यांना पोळपाटापाशी जागा करून दिली. त्या दुपारी गिऱ्हाइकांना गेलेल्या चार चपात्या साताऱ्याच्या हातच्या होत्या. निघताना मी पैसे विचारले तर मामा म्हणाली, “हेसाबू?” आणि बोटांवर हिशेब करताना त्या चार चपात्या तिने वजा केल्या.