पियानो शिकवायचाय: ग्रेडच्या परीक्षांनी की मुलाच्या कलाने?

बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल पियानोकडे वळतं, तेव्हा बरेचदा ते पेटीवर सारेगम वाजवून आलेलं असतं. म्हणून शिक्षकाला फी विचारण्याआधी हे विचारा: याला जे येतं, त्याचा तुम्ही काय उपयोग कराल?

ग्रेडच्या वाटेवर हा प्रश्न सहसा निघत नाही. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन्ही संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्था. ग्रेड म्हणजे परीक्षेच्या पायऱ्या: आधी इनिशियल, मग १ ते ८. एबीआरएसएमच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकात तीन रचना, स्केल्स (स्वरांचे आरोह-अवरोह), साइट-रीडिंग (न पाहिलेली रचना कागदावरून वाजवणं) आणि कानाची, म्हणजे ऐकून ओळखण्याची परीक्षा. १५० पैकी १०० गुणांना पास. सहाव्या ग्रेडला बसण्याआधी थिअरीची (संगीताच्या नियमांची) पाचवी ग्रेड किंवा तिच्याऐवजी चालणारी परीक्षा लागते. ट्रिनिटीत ही अट नाही. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे कागदावरचे स्वर वाचणं पक्कं होतं, आणि या वाचनाला कमी लेखू नये. बडोद्यालाही ते नवं नाही: सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली, इथे गायनशाळा निघाली. तिथले गायक-शिक्षक मौलाबक्ष स्वतः तयार केलेल्या स्वरलिपीवरून (स्वर लिहिण्याच्या पद्धतीवरून) शिकवत. ग्रेडच्या वाटेचं नुकसान असं की पुष्कळ ठिकाणी वर्षभर त्याच तीन रचना घोटल्या जातात आणि चौथी हाती दिली की मूल अडतं.

मुलाच्या कलाने शिकवणारा शिक्षक पेटीपासूनच सुरुवात करतो. पेटीवर डावा हात भात्याला असतो, त्यामुळे त्याला पट्ट्यांची ओळखच नसते. शिवाय पेटीत हवा आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो आणि लहानमोठा आवाज बोटाच्या वेगावर ठरतो. मग उजव्या हाताला ओळखीची चाल, डाव्याला नुसता सा, पुढे सा आणि प, असं तो चढवत नेतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. पांढरी दोनला (इंग्रजी नाव डी) सा धरला की ग आणि नी काळ्या पट्ट्यांवर जातात, हे पेटीवाल्या मुलाच्या बोटांना आधीच ठाऊक असतं. तीच पाश्चात्त्य संगीतातली डी मेजर स्केल. ‘हे तुला येतंच, आता ते कागदावर कसं दिसतं बघ,’ असं म्हणणारा शिक्षक मिळाला तर सोडू नका. मात्र ही वाट सर्वस्वी शिक्षकावर अवलंबून असते. त्याने वाचन टाळलं, तर मूल दोन वर्षांनीही कानावरच वाजवत राहील.

गटवर्ग स्वस्त पडतो, पण तिथे एकेकाच्या मनगटाकडे कोण बघणार? ऑनलाइन शिकायचं तर कॅमेरा बाजूने, हात दिसेल असा लावा. वाद्य मात्र ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड नको. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, नाहीतर बोटाच्या वेगाचा धडा वायाच जातो.

माझा कौल स्पष्ट आहे: पहिली दोनेक वर्षं मुलाच्या कलाने, पण रोज थोडं वाचन हवंच. परीक्षा नंतरही देता येते. दोन्ही संस्थांत पहिल्या ग्रेडपासून चढत जाण्याची सक्ती नाही, थेट तिसऱ्या ग्रेडला बसलं तरी चालतं. मूल पंधरा-सोळाचं असेल आणि पुढे परदेशात संगीत शिकायचं मनात असेल, तर मात्र ग्रेडची वाट आधीच धरा.